सरासरी कोठे फसते?



सूत्राबरोबर त्याची मर्यादाही सांगावी, ही शिस्त मला शाळेनेच लावली. आज ती गुरुत्वाकर्षणाला लावून पाहू.

आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार द्रव्यामुळे अवकाशकाल वक्र होतो. द्रव्य मात्र पुंज, म्हणजे क्वांटम, नियमांनी वागते. म्हणून अर्ध-अभिजात पद्धतीत द्रव्याच्या ऊर्जेची सरासरी घेऊन वक्रता काढतात. समजा, एक गोळा गोवळकोंड्यापाशी किंवा चारमिनारपाशी सापडण्याची शक्यता समसमान आहे. सरासरीच्या हिशेबाने त्याचे निम्मे आकर्षण इकडे, निम्मे तिकडे. पाहू जाता गोळा मात्र सबंध एकाच जागी सापडतो! चढउतार सरासरीएवढे मोठे झाले, की सरासरी फसवी ठरते.

मग खुद्द अवकाशकालातच असे चढउतार असतील तर? कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा प्रश्न हाती घेतला. त्यांचे विद्यार्थी टी. पद्मनाभन त्यात सहभागी झाले. सगळी भूमिती एकदम न हाताळता त्यांनी केवळ तिच्या मापनपट्टीच्या लहानमोठेपणाला पुंजनियम लावले. निष्कर्ष असा निघाला, की विश्वारंभाच्या क्षणाकडे मागे जावे तसे हे चढउतार अमर्याद वाढतात. म्हणजे ‘आरंभी घनता अनंत होती’ असे जे समीकरण सांगते, ते नेमके तेथेच विश्वसनीय राहत नाही. १९८६ मध्ये दोघांनी हा विचार ग्रंथरूपाने मांडला.

पद्मनाभन २०२१ मध्ये गेले, नारळीकर २०२५ मध्ये. सर्वमान्य पुंजगुरुत्व सिद्धान्त अद्याप हाती आलेला नाही. विद्यार्थिमित्रहो, तो तुमच्यापैकी कोणी शोधायला निघाला, तर जुन्या सूत्राची हद्द त्याने आधी नीट पाहून घ्यावी.