आधी एकट्याने, मग बैठकीत



गुलाबी बोंडअळीचे काय करायचे म्हणून परवा आम्ही पारावर बसलो. पहिला बोलला तो मोठा शेतकरी: फवारणी वाढवा. मग तासभर फवारणीच! फरदड न घेता पऱ्हाटी वेळेत उपटू, हे वेचणीला जाणाऱ्या एका बाईच्या मनात होते. ती बोलली घरी गेल्यावर.

दोष तिचा नाही, रीतीचा आहे. ऑसबॉर्न नावाच्या अमेरिकी जाहिरातवाल्याने सांगितले होते, गटाने बसा, कुणाला नावे ठेवू नका, सुचेल ते बोला. त्याचे १९५३ चे पुस्तक गाजले. पण १९५८ साली येल विद्यापीठात पडताळा घेतला, तेव्हा एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पना, एकत्र मोजल्यावर, जास्त भरल्या. एक बोलतो तोवर बाकीचे थांबतात, थांबता थांबता विसरतात. मोठ्या माणसापुढे जीभ अडखळते ते वेगळेच.

म्हणून आज आपण पहिली दहा मिनिटे बोलायचे नाही. प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची, नाव न टाकता. लिहिता येत नसेल त्याने शाळेतल्या पोराच्या कानात सांगावे. मग साऱ्या चिठ्ठ्या वाचू आणि खुशाल भांडू.

कागद फिरतो आहे, घ्या.