तीन तासांचा चित्रपट आणि तीन मिनिटांचे गाणे



आज मी तुम्हांला शिकवायला आलेलो नाही. मास्तरकी करून निवृत्त झालो, ती खोड आता सोडली आहे. आज माझ्या एका फजितीची आणि एका उशिरा मिळालेल्या आनंदाची गोष्ट सांगणार आहे.

फजितीपासून सुरुवात करू. गेल्या उन्हाळ्यात नातू सुट्टीला आला होता. त्याच्या आग्रहाखातर तालुक्याच्या गावी जाऊन दोन चित्रपट पाहिले. पहिला होता एका गवयाच्या जीवनावरचा. मोठ्या आशेने बसलो. पण काय सांगू! त्या गवयाने दहा-बारा वेळा तोंड उघडले असेल, पण एकही गाणे त्याला शेवटपर्यंत गाऊ दिले नाही. तो ‘आ’ करायचा अवकाश, की लगेच झुंबर दिसे, मग घोडा, मग नायिकेचा डोळा. आणि आम्ही केव्हा रडायचे हे सांगायला पाठीमागे पन्नास व्हायोलिने!

दुसरा चित्रपट शेतकऱ्याच्या जीवनावरचा. त्यात एका शेतात ज्वारी हुरड्याला आलेली आणि शेजारच्याच शेतात बाया भात लावत होत्या! माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ शेवटी म्हणाले, “मास्तर, हे बियाणं कुठं मिळतं ते विचारा की!” सारी रांग हसली. हसलो खरे, पण परतताना एस.टी.त मन खट्टू झाले. आपली गोष्ट सांगणाऱ्याने आपल्या बांधावर एकदा तरी येऊन जावे, एवढीच अपेक्षा होती.

आता दुसरी गोष्ट. पावसाळ्यात घर गळू लागले म्हणून माळा रिकामा केला. तिथे वडिलांची पत्र्याची पेटी सापडली. आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू. पेटीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या सात तबकड्या होत्या. एक मधोमध फुटलेली. तिचे दोन्ही तुकडे आण्णांनी जपून ठेवले होते.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना त्या जुन्या तबकड्या आठवत असतील. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे असतात, त्या लाखेचा उपयोग त्यांत केलेला असे. म्हणून त्या हातातून पडल्या की फुटत. चावीच्या फोनोवर त्या मिनिटाला 78 फेरे घेत आणि एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे.

आमच्याकडे असा फोनो होता. रविवारी सकाळी आण्णा चावी देत आणि मला हाक मारीत, “अरे, तीन मिनिटं बस, मग जा.” मी कधी बसलो नाही. मला तंबूतल्या सिनेमाची ओढ. त्या गाण्याला मी ‘म्हाताऱ्यांचं रडगाणं’ म्हणत असे. पुढे 1972 चा दुष्काळ आला. फोनो विकून घरात ज्वारी आली. तबकड्या मात्र आण्णांनी विकल्या नाहीत. वाजवायला यंत्र नाही आणि तबकड्या जपून ठेवायच्या, हा कसला हट्ट, ते मला उमगले नाही. विचारायलाही सुचले नाही. आता विचारावे तर आण्णा नाहीत.

एका तबकडीवरचे नाव नातवाने वाचले : अब्दुल करीम खाँ, ‘पिया बिन नाही आवत चैन’. “आबा, हे फोनवर असेल,” तो म्हणाला आणि मिनिटाभरात ते गाणे आमच्या ओसरीवर वाजू लागले.

खरे सांगतो, पहिल्यांदा ऐकले तेव्हा काही कळले नाही. खरखर फार, आवाज बारीक. दुसऱ्यांदा ऐकले. तिसऱ्या दिवशी सकाळी दळण घेऊन येताना तीच सुरावट डोक्यात घोळू लागली, म्हणून घरी येऊन पुन्हा लावले. आणि मग काही तरी झाले. हा माणूस ओरडत नाही, घाई करीत नाही. सारा वेळ तीन मिनिटांचा, तरी एका सुरावर असा थांबतो, जणू सगळा दिवस त्याचाच आहे. तोच शब्द पुन्हा घेतो आणि दर वेळी तो थोडा निराळा लागतो. आधी तक्रार वाटते, मग विनवणी, मग नुसतीच वाट पाहणे. मी मागचे दार लावून घेतले. मला आण्णा आठवले, हे सांगायला नकोच.

मग मी या खाँसाहेबांची माहिती काढली. जन्म 1872 सालचा, उत्तरेकडच्या कैराना गावचा. पण ते आपल्या मिरजेत येऊन राहिले. 1913 साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना ते वारले, तरी त्यांची समाधी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. गदगच्या बाजूच्या एका लहान मुलाने त्यांची तबकडी ऐकली आणि गाणे शिकण्यासाठी 1933 साली तो घरातून पळून गेला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. एक जण तीन मिनिटांसाठी घर सोडतो आणि दुसरा त्याच तीन मिनिटांसाठी ओसरीवर टेकत नाही! दुसरा कोण, ते तुम्ही ओळखलेच.

आता म्हणाल, मास्तर चित्रपटावर उगीच रागावले आहेत. तसे नाही. हीच ‘पिया बिन’ची ठुमरी 1935 च्या ‘देवदास’ चित्रपटात सैगल यांनी गायिली आणि तीही लोकांच्या मनात राहिली. 1936 सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहा. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा चित्रपट त्यांच्यासमोर मांडी घालून बसतो. उलट, 1935 च्या ‘धर्मात्मा’त खुद्द बालगंधर्व होते, तरी रंगभूमीवरची त्यांची जादू पडद्यावर उतरली नाही, असे अनेकांना वाटले. म्हणजे दोष यंत्राचा नाही, नुसत्या मोठ्या नावानेही भागत नाही. गाणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. मी पाहिलेल्या चित्रपटांत तो विश्वास नव्हता. आम्ही कंटाळू या भीतीने त्यांनी आम्हांला कुठे टेकूच दिले नाही.

पण न्याय करायचा तर माझ्याकडेही बोट दाखवले पाहिजे. खाँसाहेबांचे गाणे मला पहिल्या ऐकण्यात कळले नाही. ते मी तीनदा ऐकले, कारण तबकडी आण्णांची होती. नातवाच्या आवडीच्या गाण्यांना मी कधी तीन संधी दिल्या? ती माझ्या लेखी ‘पोरांचा गोंगाट’. नाव तेवढे बदलले, कान तोच!

म्हणून आम्ही घरात एक करार केला आहे. रोज संध्याकाळी एक गाणे माझे, एक त्याचे. पूर्ण ऐकायचे, मध्ये बोलायचे नाही. त्याची दोन मला आवडली आहेत. बाकीच्यांबद्दल वाद चालू आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती करतो. आठवड्यातून एकदा, प्रार्थनेनंतर, मुलांना तीन मिनिटांचे एक चांगले गाणे ऐकवा. राग कोणता, ताल कोणता, हे लगेच सांगू नका आणि प्रश्नही विचारू नका. पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा लावा. तिसऱ्या खेपेला एखादे पोर आपण होऊन काही तरी बोलेल. तिथून शिकवायला लागा.

आणि इतर सर्वांना एवढेच सांगणे : घरातले म्हातारे माणूस “तीन मिनिटं बस” म्हणाले, तर बसा. ती फुटकी तबकडी आता कुठल्याच यंत्रावर वाजायची नाही. तिच्यावरचा कागद झिजला आहे, गाणे कोणते होते तेही वाचता येत नाही. ते सांगू शकणारा माणूस रोज ओसरीवर बसलेला असे आणि मी त्याच्यासमोरून सिनेमाला पळत असे.

दोन्ही तुकडे मी पुन्हा धोतराच्या त्याच फडक्यात बांधून ठेवले आहेत.