शरीराची ओळखपरेड



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावले की तो एक तर पथ्य सांगतो, नाही तर कविता म्हणतो. मी दोन्ही टाळणार आहे. मात्र सुरुवात शब्दांपासून करतो.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात आपल्यापैकी बरेच जण सकाळी फिरायला जातात. हे नाव इतके अंगवळणी पडले आहे की त्यात 'व्हॅक्सिन' आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. मुंबई इलाख्याच्या काळात इथे देवीची लस तयार होत असे. वासराच्या पोटावरचे केस काढून, कातडीवर ओरखडे ओढून त्यात लशीचे बीज लावायचे. चार-पाच दिवसांत फोड आले की तिथला द्रव आणि खपल्या खरवडून घ्यायच्या, ग्लिसरीनमध्ये घोटायच्या आणि काचेच्या नळ्यांत भरायच्या. उन्हाळ्याच्या उकाड्यात ही लस लवकर निकामी होई, तेव्हा बेळगावची थंड हवा या कामाला सोयीची होती.

आता शब्द पाहा. लॅटिनमध्ये 'व्हॅक्का' म्हणजे गाय. तिच्यावरून 'व्हॅक्सिन' आले. आणि आपली 'लस'? जखम चिघळली की 'लस वाहते' असे आपण म्हणतो, तीच ही लस. इंग्रजी शब्दात गाय राहिली, मराठी शब्दात फोडातला ओलावा राहिला. दोन्ही शब्द मिळून या शोधाचा निम्मा इतिहास सांगतात.

उरलेला निम्मा थोडक्यात असा. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. गायीच्या देवी झालेल्यांना माणसाच्या देवी होत नाहीत, हे खेड्यातल्या लोकांना ठाऊक होते. जेन्नरने ते तपासून पाहिले. ती लस हातोहात, म्हणजे खरोखरच एका दंडावरून दुसऱ्या दंडावर, बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली, आणि भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण ठरले. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. इथे साठीच्या पुढे असणाऱ्या बहुतेकांच्या दंडावर 'देवी काढल्याची' खूण असेल. चाळिशीतल्यांच्या दंडावरचा व्रण मात्र क्षयाच्या, म्हणजे बीसीजीच्या लशीचा.

आता प्रश्न असा, की टोचला गायीच्या रोगाच्या कुळातला विषाणू, मग थांबला माणसाचा रोग, हे कसे? जेन्नरला याचे उत्तर माहीत नव्हते. त्या काळी विषाणू ही वस्तूच कुणाला ठाऊक नव्हती. उत्तर एका शब्दात सांगायचे तर 'ओळख'.

शरीराला डोळे नाहीत. त्याला कळतो तो आकार. आपल्या रक्तात आणि रसग्रंथींत बी-पेशी असतात. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर एका ठरावीक आकाराची खाच असते, कुलपासारखी. एका पेशीचे कुलूप दुसरीसारखे नसते. ही कुलपे तयार होतात ती पत्ते पिसावेत तसे जनुकांचे तुकडे पिसून. हे गणित उलगडल्याबद्दल सुसुमु टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाला १९८७ चे नोबेल मिळाले. यातली नवलाची गोष्ट ही, की किल्ली येण्याआधीच कुलपे तयार असतात. जो जंतू अजून जगात जन्मला नाही, त्याच्या मापाचे कुलूपही आपल्या अंगात कुठे तरी असू शकते. जंतू आला, एखाद्या कुलपात बसला, की तेवढी एक पेशी भराभर वाढते, तिच्यासारख्या हजारो होतात आणि त्या प्रतिपिंडे सोडू लागतात. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण काही मागे राहतात. त्याच आठवण ठेवतात. देवीची लस घेतल्यानंतर ५० वर्षांनीही माणसांच्या रक्तात त्या आठवणीच्या पेशी सापडल्या आहेत. गायीच्या आणि माणसाच्या देवीचे विषाणू एकाच कुळातले, चेहरेपट्टी सारखी; म्हणून एकाची ओळख दुसऱ्याला पुरली.

ही ओळख होते कुठे? याचे उत्तर आपल्या आजीला माहीत होते. पायात काटा मोडला आणि दोन दिवसांनी जांघेत गाठ आली, की ती म्हणायची, 'अवधाण आलंय.' काटा पायात, मग गाठ जांघेत का? काट्याबरोबर जंतू आत शिरतात. जवळपास गस्त घालणाऱ्या पेशी त्यांना गिळतात. १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला आणि त्याच्याभोवती जमलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. या गस्तीच्या पेशींपैकी काही जणी शत्रूचे तुकडे घेऊन जवळच्या रसग्रंथीत जातात आणि तिथे जमलेल्या इतर पेशींना दाखवतात. ओळखपरेड भरते ती तिथे. ज्यांना ओळख पटते त्या वाढतात, म्हणून गाठ सुजते. अवधाण ही त्या वर्दळीचीच खूण.

इथे कुणी विचारेल, कुलपे जर अंदाजाने तयार होतात, तर काही आपल्याच अवयवांच्या मापाची निघत असतील. निघतातच. त्यांची चाळणी करावी लागते. टी-पेशी नावाच्या पेशींची परीक्षा छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होते. ज्या पेशी स्वकीयांवर धावून जातात त्यांना तिथेच मरण येते. बहुतेक पेशी त्या परीक्षेतून बाहेर पडतच नाहीत, इतकी ती कडक असते. म्हणजे 'आपले' कोण, हे शरीर जन्मतः जाणत नाही, ते शिकते.

आणि 'परके' म्हणजे शत्रू, असेही शरीर मानत नाही. बेळगावचा कुंदा शरीराच्या लेखी परकाच की! गायी-म्हशीच्या दुधातली प्रथिने आपली नव्हेत. तरी आतडे त्यांच्यावर फौज पाठवत नाही. आतड्यात राहणारे अब्जावधी जीवाणूही परके, पण ते पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. पाहुणा अनोळखी आहे एवढे पुरेसे नसते. तो काही मोडतोड करतो आहे, रोगजंतूची ठरावीक खूण त्याच्या अंगावर आहे, अशी वर्दी लागते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला, एका वाक्यात मराठी-कानडी दोन्ही बोलणाऱ्यांना, हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण ही ओळख चुकते तेव्हा काय होते, तेही पाहू. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाऊल टाकताच नवख्याला फटाफट शिंका येतात. लोक त्याला ॲलर्जी म्हणतात. ती ॲलर्जी नव्हे. तिखट धुळीने नाकातल्या मज्जातंतूंना झालेला तो चटका आहे, आणि तो जवळजवळ सगळ्यांनाच बसतो. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. ती व्हायला आधीची ओळख लागते, आणि ती मोजक्यांनाच होते. 'ॲलर्जी' हा शब्दच १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्केने घडवला, तो या 'बदललेल्या' वागण्यासाठी.

याचे आपल्या बांधावरचे उदाहरण म्हणजे काँग्रेस गवत, गाजरगवत. अमेरिका खंडातली ही वनस्पती आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात नोंदली गेली आणि पुढे सगळीकडे पसरली. वर्षानुवर्षे ती उपटणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खळगीत एके दिवशी खाज आणि चट्टे उठतात. त्या गवतातला पार्थेनिन हा रेणू इतका लहान, की एकटा असता तर शरीराच्या नजरेतच भरला नसता. पण तो कातडीतल्या आपल्याच प्रथिनाला चिकटतो. मग आपले प्रथिन परक्याच्या वेषात दिसू लागते, आणि टी-पेशी आपल्याच कातडीवर तुटून पडतात.

याहून गंभीर उदाहरण आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. कुत्रे चावले की पोटात चौदा सुया. ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूची असे. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी ती पद्धत बसवली. तिने असंख्य जीव वाचवले. पण लशीबरोबर मेंढीच्या मज्जातंतूंचे वेष्टणही टोचले जाई, आणि ते माणसाच्या वेष्टणासारखेच. काही थोड्या लोकांत शरीराने ती ओळख नको तिथे लावली, स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवला आणि पक्षाघात झाला. म्हणून भारतात २००४ च्या अखेरीस त्या लशीचे उत्पादन थांबवण्यात आले. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, दंडात टोचतात, आणि तिच्यात मेंदूचा कणही नसतो. अशा लशींसाठी वापरला जाणारा व्हेरो नावाचा पेशींचा वंश १९६२ साली जपानात एका माकडाच्या मूत्रपिंडातून सुरू झाला आणि आजही काचपात्रात वाढतो आहे. आमच्या जैन घरांत अनेकदा विचारणा होते की लशीत हिंसा किती. तिच्यात प्राण्यांचे ऋण आहे हे मी नाकारत नाही. टिळकवाडीतल्या त्या वासरांचेही आहे. पण दर लशीमागे एक जीव, असा हिशेब आज नाही, हेही सांगितले पाहिजे.

हे सगळे मी आज का सांगतो आहे? माझ्या दवाखान्यात येऊन अजूनही माणसे विचारतात, 'डॉक्टर, कुत्रं चावलंय. इंजेक्शन नको, तुमच्या गोळ्यांतच काही तरी द्या.' नातवाच्या गोवराच्या लशीबद्दलही असेच विचारतात. मी होमिओपॅथीचा डॉक्टर, म्हणून हे उत्तर मीच दिले पाहिजे.

लस हे ओळखीचे शास्त्र आहे. बी-पेशीच्या कुलपात बसायला खरी किल्ली लागते, म्हणजे विषाणूचा प्रत्यक्ष तुकडा. आमची ३० किंवा २०० पोटेन्सीची औषधे इतकी विरल असतात, की १२ पोटेन्सीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. हे साधे रसायनशास्त्र आहे, आणि ते आम्हा सर्वांना कॉलेजात शिकवलेले असते. औषधांच्या गुणाविषयीचा वाद आज इथे नको. पण जिथे दाखवायला चेहराच नाही, तिथे ओळखपरेड कशाची भरणार? खुद्द हानेमान यांनी 'ऑर्गनॉन' ग्रंथात जेन्नरच्या गोस्तनदेवीचा दाखला दिला आहे. लशीला नाही म्हणण्यासाठी त्यांच्या नावाचा आधार घेऊ नये.

रेबीजमध्ये तर वेळेचाच खेळ आहे. हा विषाणू रक्तातून हिंडत नाही. तो जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि आतल्या आत मेंदूकडे सरकतो. म्हणून शरीराला त्याची वर्दी वेळेवर मिळतच नाही. बहुधा काही आठवडे ते काही महिने हा प्रवास चालतो. एकदा लक्षणे दिसली की आजवर जवळजवळ कुणीही वाचलेले नाही. लस ही विषाणूच्या आधी पोहोचणारी वर्दी आहे. तिने प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. चावा खोल असेल, रक्त आले असेल, तर तेवढ्या काळापुरती तयार कुमक म्हणून जखमेत सीरमही टोचावे लागते. लस शरीराला शिकवते, सीरम तोवर किल्ला लढवते. दोन्हींचे काम वेगळे आहे.

नातवंडांचेही एक सांगतो. बाळ जन्मते तेव्हा आईची प्रतिपिंडे वारेतून त्याच्याकडे आलेली असतात, आणि पहिल्या चिकातून आणखी मिळतात. ही शिदोरी काही महिनेच पुरते. ती असताना गोवराची लस दिली, तर आईची प्रतिपिंडेच लशीतल्या विषाणूला निष्प्रभ करतात आणि बाळ स्वतः काही शिकत नाही. म्हणून ती लस नवव्या महिन्यानंतर देतात. तारीख सरकारने उगाच ठरवलेली नाही, आणि 'जरा मोठा होऊ दे' म्हणून आणखी लांबवायचीही नाही.

तेव्हा कुत्रे, मांजर, माकड, कुणीही चावले तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा. साबण विषाणूचे कवच फोडतो. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, आणि कुत्रे घरचे होते, ओरखडाच होता, असे म्हणत बसू नका. ठरलेल्या तारखांची सगळी इंजेक्शने पूर्ण करा. त्यानंतर खोकल्यासाठी माझ्याकडे अवश्य या.