मत कोणाला, ते विचारू नका



यंदा १४ सप्टेंबरला गणपती बसताहेत, आणि न्यू जर्सीत मतदार म्हणून नाव नोंदवण्याची मुदत १३ ऑक्टोबरला संपते आहे, म्हणजे घटस्थापनेनंतर दोनच दिवसांनी. मतदान ३ नोव्हेंबरला आणि लक्ष्मीपूजन त्याच आठवड्याच्या शेवटी, रविवारी. निवडणुकीचा सगळा हंगाम आपल्या सणांच्या मधोमध आला आहे. काहीजणांना ही अडचण वाटते. मला ती सोय वाटते. एरवी शनिवारी सकाळी आपली माणसं एका ठिकाणी सापडतात कुठे?

मी ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या संस्थेच्या आमच्या गावातल्या शाखेची खजिनदार. त्यामुळे आज कार्यक्रमांबरोबर पैशांविषयीही बोलणार आहे. नावात ‘विमेन’ असलं तरी पुरुषांना मज्जाव नाही. १९७० च्या दशकापासून पुरुषही सभासद होतात. आमच्या शाखेत खुर्च्या लावायला तेच पुढे असतात, भाषणाला मागे. हा बदल मला मानवला आहे.

कॅरी चॅपमन कॅट या बाईंच्या पुढाकाराने १९२० च्या फेब्रुवारीत शिकागोला ही संस्था स्थापन झाली. स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजूर झाली. म्हणजे हक्क हातात पडण्याच्या आधीच तो वापरायचा कसा, हे शिकवण्याची तयारी झाली होती. आपण राहतो त्या न्यू जर्सीची गोष्ट तर याहून जुनी आहे. १७७६ च्या इथल्या राज्यघटनेने पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सर्व रहिवाशांना मत दिलं, त्यात बाई-पुरुष असा भेद केला नव्हता. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता नसे, म्हणून मत द्यायच्या त्या मुख्यतः अविवाहित आणि विधवा. स्वतंत्र कृष्णवर्णीय रहिवासीही मत देत. १८०७ मध्ये विधिमंडळाने कायदा करून हे सगळं काढून घेतलं आणि मत फक्त गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. दिलेला हक्क परत घेता येतो, हे या राज्यात एकदा घडून गेलं आहे.

आता यंदाचं काम. गणपतीत आणि नवरात्रात आमचं नोंदणीचं टेबल असेल, देवळाच्या आवारात, वाचनालयात, जिथे परवानगी मिळेल तिथे. तिथे फॉर्म असतील, पेनं असतील आणि ते भरून घ्यायला माणसं असतील. न्यू जर्सीत सतरा वर्षं पूर्ण झालेली मुलं आधी नाव नोंदवू शकतात, नोव्हेंबरचं मत मात्र अठरा पूर्ण झाल्यावरच. तेव्हा पोरांना कारमध्ये बसवून ठेवू नका, टेबलापाशी आणा.

एक गोष्ट मात्र मी सावकाश सांगते, कारण ती आपल्याच लोकांच्या बाबतीत महत्त्वाची आहे. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, एच-वन व्हिसा आहे, किंवा ज्यांचा नागरिकत्वाचा अर्ज अजून चालू आहे, त्यांनी हा फॉर्म भरायचा नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. फॉर्मवर सुरुवातीलाच विचारलेलं असतं, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का. नागरिक नसताना तिथे ‘हो’वर खूण केली तर पुढे नागरिकत्व तर अडतंच, पण देशाबाहेर जावं लागण्यापर्यंत पाळी येऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ यावर सुटका होईल, असं धरून चालू नका. गाडीच्या लायसन्सचं काम करतानाही मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. तिथे घाईघाईने खूण करू नका. आमच्या टेबलावरचा कार्यकर्ता पेन हातात देण्याआधी तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतो. त्याचा राग मानू नका. तुमची कागदपत्रं आम्ही तपासत नाही, तो आमचा अधिकारही नाही. म्हणून तर आधी वाचून दाखवतो.

याच्या उलट बाजूचंही सांगून टाकते. इथलं नागरिकत्व घेतलं की भारतातलं मत गेलं; ओसीआय कार्डावर मत नसतं. पण तुमचा पासपोर्ट अजून भारताचा असेल, तर फॉर्म ६-अ भरून गावच्या मतदार यादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र स्वतः तिथल्या केंद्रावर उभं राहावं लागतं. ही तरतूद २०११ पासून आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ती ठाऊक असते.

पूर्वी आमचं सगळ्यात आवडतं काम होतं ते नागरिकत्वाच्या शपथविधीला जायचं. हातात छोटा झेंडा, डोळ्यांत पाणी, फोटो काढणारं कुटुंब, आणि दारात आमची टेबलं. माणूस नागरिक झाल्यावर दहा मिनिटांत मतदार होत असे. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस इमिग्रेशन खात्याने धोरण बदललं. त्यांच्या समारंभांमध्ये आता नोंदणीचं काम फक्त राज्याचे आणि स्थानिक निवडणूक अधिकारी करू शकतात, आमच्यासारख्या संस्था नाहीत. निर्णय योग्य की अयोग्य यावर माझं मत आहे, पण ते घरच्या चहाबरोबर. इथे एवढंच सांगते, की नव्या नागरिकांना शोधत आता आम्हालाच फिरावं लागतं, आणि त्यासाठी मंडळांची, देवळांची, क्रिकेटच्या मैदानांची मदत लागते. तुमच्या घरी कोणी अलीकडे शपथ घेतली असेल, तर पेढे वाटताना आमच्या टेबलाचीही आठवण करून द्या.

घरातल्या आजी-आजोबांसाठी एक सांगायचं आहे. अनेकजण नागरिक होऊनही मत देत नाहीत. इंग्रजी वाचायला जड जातं, मशीनची भीती वाटते. मिडलसेक्स काउंटीत गुजराती भाषेत मतदानाचं साहित्य मिळतं, मराठीत मिळत नाही. ज्या भाषागटातल्या इंग्रजी कमी येणाऱ्या प्रौढ नागरिकांची संख्या काउंटीत दहा हजारांवर किंवा पाच टक्क्यांवर जाते, त्या गटाला कायद्याने ही सोय मिळते. आपण जनगणना खात्याच्या सर्वेक्षणात आईचंही इंग्रजी ‘उत्तम’ म्हणून लिहून मोकळे होतो, मग आकडा भरणार कसा? असो. पण वाचता येत नसल्यामुळे ज्याला मदत लागते, असा मतदार आपल्या पसंतीचं माणूस बरोबर आत नेऊ शकतो, हा देशभर लागू असलेला हक्क आहे. मुलगा, सून, नात, शेजारीण, कोणीही चालेल. फक्त मालक किंवा युनियनचा माणूस चालत नाही. शिवाय २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर असे नऊ दिवस आधीच मतदान करता येईल. तेव्हा रांगा लहान असतात आणि आजींना खुर्ची मिळते.

ऑक्टोबरमधला आमचा मुख्य कार्यक्रम म्हणजे उमेदवारांची सभा, ‘कॅन्डिडेट फोरम’. यंदा न्यू जर्सीत सिनेटची एक जागा आणि हाउसच्या बाराही जागा आहेत. टीव्हीवर त्यांच्याविषयी भरपूर ऐकाल. आमची शाखा सभा घेते ती गावच्या कौन्सिलची आणि स्कूल बोर्डाची. आपल्या मालमत्ता कराचा मोठा हिस्सा शाळांकडे जातो, आणि तो खर्च करणाऱ्या बोर्डातली नावं विचारली तर आपण एकमेकांकडे बघतो.

सभेचे नियम पहिल्यांदा येणाऱ्याला जरा कडक वाटतात. सूत्रधार नेहमी दुसऱ्या गावच्या शाखेतून येतो, म्हणजे त्याला इथला कोणी मेहुणा नाही की मालक नाही. प्रश्न श्रोत्यांचेच, पण कार्डावर लिहून द्यायचे. आमचे दोघं-तिघं ती कार्डं लावतात. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करतात आणि वैयक्तिक चिखलफेक बाजूला काढतात. प्रत्येकाला सारखा वेळ. पुढच्या रांगेत एकजण पिवळं आणि लाल कार्ड घेऊन बसतो. लाल दिसलं की वाक्य अर्धवट असलं तरी थांबायचं. दालनात बिल्ले, टोप्या, फलक चालत नाहीत. टाळ्याही शेवटीच. आणि सभेचा तुकडा कापून प्रचाराच्या जाहिरातीत वापरायचा नाही, हे उमेदवारांकडून आधी कबूल करून घेतो.

सर्वांत जास्त शिव्या आम्ही खातो त्या सभा रद्द केल्यावर. दोघांपैकी एकच उमेदवार यायला तयार झाला, तर आम्ही सभा घेत नाही. ‘जो येतोय त्याची काय चूक?’ असं लोक विचारतात. चूक काहीच नाही. पण एकट्या उमेदवाराला माईक, दालन आणि संस्थेचं नाव दिलं, तर ती त्याची प्रचारसभा होते आणि खर्च आमचा होतो. येणाऱ्याला वाईट वाटतं, न येणारा हसतो. याच्यावर चांगला उपाय मला अजून दिसलेला नाही.

हा काटेकोरपणा राष्ट्रीय पातळीवरूनच आला आहे. १९७६, १९८० आणि १९८४ या तीन निवडणुकांत अध्यक्षपदाच्या उमेदवारांचे वादसंवाद लीगने भरवले. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर बोलत असताना आवाजाची यंत्रणा बंद पडली आणि दोघं सत्तावीस मिनिटं आपापल्या मेजामागे तसेच उभे राहिले. रेडिओवर काम करणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकली की त्यांना अजून घाम फुटतो. पुढे १९८८ मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रचारकांनी आपसांत करार केला. प्रश्न कोणी विचारायचे, समोर कोण बसायचं, सगळं त्यांनी ठरवलं आणि लीगपुढे तो कागद ठेवला. लीगने ही मतदारांची फसवणूक आहे असं जाहीरपणे सांगून अंग काढून घेतलं. मान गेला, प्रसिद्धी गेली. माझ्या मते संस्थेने केलेल्या कामांत ते वरच्या क्रमांकाचं आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही खरंच निःपक्ष आहात का? प्रश्न रास्त आहे. लीग कुठल्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देत नाही, विरोधही करत नाही. पण मतदानाचे नियम, मतदारसंघांची आखणी अशा मुद्द्यांवर ती भूमिका घेते, आणि त्या भूमिका एका बाजूच्या लोकांना जास्त रुचतात, ही टीका आमच्यावर होते. ती मी उडवून लावणार नाही. त्यावर आमच्या हातात उपाय एकच, सभेत, टेबलावर आणि पत्रकांत ती भूमिका येऊ न देणं. ‘व्होट फोर वन वन’ नावाची आमची संगणकीय मार्गदर्शिका २००६ पासून आहे. तिच्यात उमेदवारांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत छापली जातात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

हे बोलत असताना आपल्या मंडळांनाही एक सांगावंसं वाटतं. आपली बहुतेक मंडळं धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत, आणि अशा संस्थांनी कुणा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही हा कायदा १९५४ पासून आहे. पण आरतीच्या वेळी एखादा उमेदवार येतो, शाल-श्रीफळ होतं, हातात माईक जातो. बोलावू नका असं मी म्हणत नाही. एकाला बोलावलं तर दुसऱ्यालाही बोलवा, आणि माईक द्यायचा तर दोघांना तेवढाच वेळ द्या. लाल कार्ड आमच्याकडून घेऊन जा.

आता पैसे. दालन बहुधा वाचनालय फुकट देतं. खर्च होतो तो छपाईवर, टपालावर, विम्यावर आणि सभेचं चित्रीकरण लोकांना दिसावं म्हणून करतो त्यावर. रक्कम फार मोठी नसते. पण ती कुठून येते याला महत्त्व आहे. गावात बांधकामाची परवानगी मागणाऱ्या एका बिल्डरने सगळा खर्च उचलला, तर दुसऱ्या दिवशी पार्किंगवरच्या प्रश्नाचं कार्ड बाजूला ठेवलं गेलं तरी लोक बोलणार, आणि नाही ठेवलं तरी बोलणार. म्हणून आमच्या शाखेला एक मोठा देणगीदार नको, पुष्कळ लहान हवेत. उमेदवार आणि पक्ष यांचे पैसे तर नकोतच.

आपला समाज देवळाला सढळ हाताने देतो आणि गायकाच्या कार्यक्रमाला शंभर डॉलरचं तिकीट काढतो. जेवणाचं ताट असेल तर दोन तिकिटं जास्त खपतात. मतदार शिक्षणासाठी ताट कुठून आणायचं? लॉटरीच्या सोडती काढाव्यात, असं सुचवणारे भेटतात. न्यू जर्सीत त्यासाठी राज्यात नोंदणी आणि गावाचा परवाना लागतो. त्या कागदांमागे धावण्यापेक्षा मी वसंतात रोपांची विक्री पसंत करते. झेंडू आणि मिरचीची रोपं मराठी घरांत हमखास जातात.

याहून सोपे दोन मार्ग आहेत. औषधांच्या आणि संगणकाच्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. काही तर तुम्ही दिलेल्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. तो फॉर्म भरायला लोक कंटाळतात आणि पैसे तिथेच राहतात. दुसरा मार्ग सत्तरी ओलांडलेल्यांसाठी. साठ-सत्तरच्या दशकात इथे आलेली आपली पिढी आता त्या वयाची आहे. साडेसत्तर वर्षांनंतर आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला रक्कम देता येते आणि ती करपात्र उत्पन्नात धरली जात नाही. आपल्या हिशेबनिसाला विचारा, पण विचारा नक्की.

मत नसलेल्यांनी स्वतःला बाहेरचं समजू नये. एच-वनवर असलेला माणूस आम्हाला वर्गणी देऊ शकतो, सभेत वेळ मोजायला बसू शकतो. राजकीय प्रचाराला पैसे देणं त्याला कायद्याने बंद आहे, आमच्या टेबलासाठी नाही.

चेक लिहिताना खालच्या ओळीत काही अट, कुठल्या उमेदवाराचं नाव किंवा अमुक प्रश्न विचारा अशी सूचना लिहू नका. तसा चेक आला तर मी तो वटवत नाही, टपालाचा खर्च माझा घालून परत पाठवते.