माळ्यावरचीं ग्राफिक्स कार्डें : ओळख आणि मोल

माळा झाडतांना जुना संगणक सांपडणें हें आतां सुशिक्षित घरांत नवलाचें राहिलेलें नाहीं. त्याचें करावयाचें काय, याचें उत्तरहि बहुधा ठरलेलें असतें : भंगारवाल्याचा तराजू. त्या तराजूंत संगणकाचें ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर अक्षरें व चित्रें उमटविणारी छोटी पाटी, पत्र्याच्या आणि तारांच्या जोडीनें तोललें जातें. त्याच्या कडेच्या पट्ट्यांवर सोन्याचा अगदीं पातळ मुलामा असतो. तेवढ्यासाठीं तें मोडलें जातें. आणि त्याच्याच एखाद्या भावंडासाठीं परदेशांतला संग्राहक नव्या संगणकाएवढे पैसे मोजावयास तयार असतो.

फरक पडतो तो ओळखीनें. ही गोष्ट नेवासें गांवाला तरी नवी नसावी. प्रवरेच्या कांठच्या लाडमोड टेकडीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें डॉ. सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं १९५४ पासून उत्खनन केलें. तेथें निघालेल्या खापरांना बाजारांत कवडीचीहि किंमत नव्हती. परंतु कोणतें खापर कोणत्या थरांत मिळालें, हें टिपून ठेवल्यामुळें ताम्रपाषाणयुगापासून सातवाहनांपर्यंतच्या वस्तीचा क्रम लागला. थर विस्कटले असते तर खापर तें खापरच राहिलें असतें.

कार्डावरहि असे थर वाचतां येतात. प्रथम खालची कड पाहावी. दोन्ही बाजू मिळून ६२ संपर्कांची एकच पट्टी असेल, तर तें १९८१ च्या आयबीएम पीसीच्या घराण्यांतलें. तिच्यापुढें ३६ संपर्कांचा दुसरा तुकडा असेल, तर १९८४ किंवा त्यानंतरचें. मग पडद्याची तार जेथें जोडतात तें तोंड पाहावें. तीन ओळींत पंधरा छिद्रें असलीं तर ती १९८७ सालीं आलेली व्हीजीए पद्धति. नऊच असलीं तर बहुधा त्याआधींची. वरच्या चिठ्ठीवर मात्र फार विसंबूं नये. ती पुष्कळदां विकणाऱ्याची असते. खरें कूळ मधल्या मोठ्या चिपावर छापलेलें असतें. चिपांवर बहुधा चार आंकड्यांची एक खूण आढळते. ९६३४ म्हणजे १९९६ सालचा चौतिसावा आठवडा. सर्व चिपांत जो आंकडा सर्वांत उशिराचा, त्याच्या आधीं कार्ड जोडलें गेलेलें नसणार. मात्र कोणीं मागाहून चिप बदलली असेल तर हा साक्षीदारहि फसवितो. एखाद्या चिपावर कागदाचा तुकडा डकविलेला असेल, तर तो कुतूहलानें सोलूं नये. त्याखालीं कांचेची खिडकी असूं शकते, आणि अतिनील किरणांनीं आंतलें लेखन पुसलें जातें.

आतां मोलाविषयीं. केवळ वय झाल्यानें किंमत येत नाहीं. साधीं व्हीजीए कार्डें कितीहि जुनीं असोत, त्यांना गिऱ्हाईक विरळाच. उलट थ्रीडीएफएक्स कंपनीच्या १९९६ च्या व्हूडू कार्डाला मागणी आहे, ती त्यावर खेळलेल्या खेळांच्या आठवणींमुळें. वास्तविक त्याला नित्याच्या कामासाठीं दुसऱ्या कार्डाची सोबत लागे. त्याच कंपनीचें चार चिपांचें व्हूडू ५ ६००० हें बाजारांत आलेंच नाहीं. त्याचे मोजके नमुने उरले आहेत, आणि म्हणून त्यांचा भाव भलताच. मात्र विक्रेता जी मागतो ती किंमत नव्हे. सौदा पुरा होऊन जी हातीं पडली ती किंमत.

पण मराठी घरानें दुसऱ्याच एका कार्डाकडे डोळे लावावे. १९८२ चें हर्क्युलीस कार्ड व्हॅन सुवन्नुकुल यांनीं घडविलें, तें आपला प्रबंध थाई लिपींत लिहितां यावा म्हणून. आयबीएमच्या एकरंगी कार्डावर ठराविक साच्याच्या अक्षरांपलीकडे कांहीं उमटत नसे. देवनागरीची अडचण तीच, किंबहुना अधिक : जोडाक्षरें आहेत, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं काढून नंतर उच्चारावी लागते. ही अडचण आयआयटी कानपूरमध्यें आरंभ झालेल्या आणि १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनें पुढें नेलेल्या 'जिस्ट' कार्डानें सोडविली. तें खांचेंत बसविलें कीं रोमन अक्षरांसाठीं रचलेल्या कार्यक्रमांतहि भारतीय लिप्या चालत. या कामाशीं निगडित असलेली 'इस्की' ही संकेतपद्धति १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून मान्य झाली. ज्या नेवाशांत ज्ञानदेवांची वाणी सच्चिदानंदबाबांनीं उतरून घेतली, त्या गांवाला लेखनिकाचें मोल निराळें सांगावयास नको. खेळांच्या शौकिनाला या कार्डाचें काय कौतुक? म्हणूनच तें तराजूंत जाण्याचा धोका अधिक.

असें कार्ड हातीं आल्यास लगेच वीज जोडून पाहूं नये. आधीं त्यावरचे धारित्र फुगले आहेत काय तें पाहावें. स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशवींत तें ठेवावें, आणि सोबत एक कागद : कोणत्या संगणकांत होतें, तो कोणत्या कचेरींत किंवा छापखान्यांत चालला, त्यावर काय लिहिलें जाई. पुस्तिका आणि फ्लॉप्या वेगळ्या करूं नयेत. त्या फ्लॉप्यांवर कोणाचा मराठी मजकूर इस्कींत साठविलेला असूं शकतो, आणि चुंबकीय लेखन काळानें क्षीण होतें. तेव्हां कार्डाचा भाव विचारण्यापूर्वीं जाणत्याकडून त्यांची नक्कल करून घ्यावी.