कोंडलेली हवा आणि जाळ
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाचे, पाण्याचे, विजेचे आपण नेहमीच बोलतो. आज पाच मिनिटे हवेविषयी बोलू.

चैत्रात आम्ही वावर साफ करून पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला. औषधाचा एक रिकामा पत्र्याचा डबा, झाकण घट्ट लावलेला, त्यातच पडला होता. थोड्या वेळाने बार झाला. पत्र्याचा तुकडा धुऱ्यावर उभ्या असलेल्या पोराच्या कानाजवळून गेला. पोरगा वाचला. गाव म्हणाले, डब्यात दारू असेल. दारूबिरू काही नव्हती. कोंडलेली हवा होती आणि तळाशी राहिलेले चमचाभर औषध.

हवेचे कण सारखे धावत असतात, भांड्याच्या भिंतींवर आपटत असतात. त्या आपटण्यालाच दाब म्हणायचे. हवा तापली की कण जोराने धावतात. तोंड मोकळे असेल तर हवा फुगून बाहेर जाते. तोंड बंद असेल तर जायचे कुठे? दाब वाढतो.

किती वाढतो? हिशेब सोपा आहे, पण मोजणी शून्यापासून नाही, उणे २७३ अंशांपासून करायची. म्हणजे २७ अंश सेल्सिअसचे झाले ३००. डबा ३२७ अंशांवर गेला की ६००. दुपटीला दुप्पट दाब. पऱ्हाटीच्या जाळात एवढी धग सहज असते. शिवाय आत औषध उरले असेल तर त्याची वाफ होते, तिचा दाब वेगळा. मग पत्रा फाटतो.

आता गाडीचे टायर घ्या. सकाळी २७ अंशांना ३० पौंड हवा भरली. काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरचे सुमारे १५ पौंड धरले तर आत ४५. दुपारी आतली हवा ५७ अंशांपर्यंत तापली, म्हणजे ३०० चे ३३० झाले, दहावा हिस्सा वाढ. ४५ चे झाले साडेएकोणपन्नास, काट्यावर साडेचौतीस. जुने, घासलेले टायर तेवढ्यानेही दगा देते. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना मोजून भरावी. दुपारी काटा चढला म्हणून हवा सोडली, तर पहाटे टायर नरम सापडते.

स्वयंपाकाच्या गॅसचे याहून कडक. त्या टाकीत पातळ झालेला गॅस असतो, तो तापला की आणखी वाफ धरतो. त्यातल्या प्रोपेनचा दाब २० अंशांना बाहेरच्या हवेच्या सुमारे ८ पट, तर ५० अंशांना सुमारे १७ पट. म्हणूनच ती उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवायची नाही. आणि पातळ गॅस तापून फुगतो, म्हणून टाकी काठोकाठ भरत नाहीत.

हवा भरून चालणारा फवारणीचा पंपही तसाच. भरलेला पंप उन्हात ठेवून भाकरी खायला बसू नका. झाकण उघडण्याआधी दाब सोडा, तोंड बाजूला धरा. नाही तर औषध थेट डोळ्यांत.

आम्ही आमच्या गावात एवढे ठरवले आहे: औषधाचा डबा रिकामा झाला की तीनदा खळखळून धुवायचा, ते पाणी पंपातच ओतायचे, डब्याला खिळ्याने भोक पाडायचे, आणि जाळात कधीच टाकायचा नाही. त्याचा धूरही विषारीच. तुम्हीही घरी जाऊन सालदाराला, पोराबाळांना हे सांगा. खिळा प्रत्येकाच्या घरी आहे.