बोलायला आपले माणूस



महाराष्ट्रापासून दूर साठ वर्षे मराठीतून शिकवीत आलेल्या शाळेच्या हीरक महोत्सवात एका चेक खेळाडूची कथा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर कथेच्या अखेरीस आहे.

यारोमीर यागर याचा जन्म १५ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रागजवळच्या क्लाद्नो या पोलाद आणि कोळशाच्या गावी झाला. आइस हॉकीत गोलरक्षकासह सहा जण बर्फावर उतरतात. त्यांपैकी तिघे आघाडीचे. यागर उजव्या बगलेवरून चढाई करणारा. कम्युनिस्ट राजवटीत चेकोस्लोव्हाकियाच्या तरुण खेळाडूला अमेरिकेत खेळायचे तर बहुधा देश सोडून पळावे लागे. १९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली. १९९० मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाने निवड केली, तेव्हा अठरा वर्षांचा यागर उजळ माथ्याने घराबाहेर पडू शकला.

वाट मोकळी झाली होती, मन मात्र गावातच अडकले होते. इंग्रजी येत नव्हते आणि घराची ओढ स्वस्थ बसू देत नव्हती. त्या डिसेंबरात संघाने आपला एक बचावपटू कॅल्गरीला देऊन यिर्झी हर्डिना हा बत्तीस वर्षांचा चेक खेळाडू आणला. हर्डिना खेळाडू म्हणून उपयोगी होताच. परंतु या मुलाशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी असावे, हाही त्यामागचा हेतू होता. यागर सावरला. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे पिट्सबर्गने स्टॅनले चषक जिंकला. दोन्ही वेळा हे दोघे संघात होते.

पुढे यागरने पाच हंगामांत सर्वाधिक गुण मिळवले आणि १९९८ मध्ये नागानो येथे देशासाठी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय लीगमध्ये त्याचे १,७३३ सामने, ७६६ गोल आणि १,९२१ गुण आहेत; गुणांत त्याच्या पुढे केवळ वेन ग्रेट्स्की. पाठीवरचा क्रमांक ६८. १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. तुरुंगवास भोगलेले त्याचे आजोबाही त्याच वर्षी वारले. ती आठवण त्याने परदेशातही अंगावर वागवली.

सारे सुखाचे नव्हते. २०११ मध्ये तो प्रतिस्पर्धी फिलाडेल्फियाकडून पिट्सबर्गमध्ये खेळायला आला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २०१८ मध्ये तो क्लाद्नोला परतला. ज्या संघातून तो घडला, तो तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. यागर त्याचा मालक आधीपासून होताच, आता खेळाडूही झाला. २०१९ मध्ये संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिट्सबर्गने ६८ हा क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचा निवृत्त केला. त्या वेळी बावन्न वर्षांचा यागर क्लाद्नोसाठी खेळतच होता.

मराठीत शिकल्याने मूल मागे पडेल काय, ही पालकांची चिंता खोटी नव्हे. इंग्रजीवाचून यागरचेही भागले नाही. परंतु ती येईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर ठेवण्यासाठी स्वभाषेतले एक माणूस लागले. या शाळेच्या गुरुजनांनी साठ वर्षे हर्डिनाचे काम केले आहे. क्लाद्नोचे काम आता माजी विद्यार्थ्यांकडे आहे.